अपूर्णांक आणि घातांक यांचा सराव : पालक व शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नागपुरातील सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना घरी, शाळेत किंवा शिकवणीत गणिताचा सराव करून देणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आहे. शहरात राज्य मंडळाच्या आणि सीबीएसईच्या शाळा शेजारी शेजारी आहेत, आणि एकाच घरातील दोन भावंडे दोन वेगळ्या पुस्तकांतून घातांक शिकत असतात. म्हणून येथील उत्तरे कोणत्याही एका पुस्तकाच्या क्रमाला बांधलेली नाहीत. वहीत घातांक पायाच्या उजव्या खांद्यावर लहान अक्षरात लिहितात. टंकलेखनाच्या सोयीसाठी येथे तो ^ या खुणेनंतर लिहिला आहे, म्हणजे (२/३)^४ याचा अर्थ ‘दोन तृतीयांशचा चौथा घात’ असा घ्यावा. या खुणेच्या आधी कंस आहे की नाही याकडे वाचकाने पहिल्यापासून लक्ष ठेवावे, कारण या विषयातील निम्म्या चुका तेथेच जन्म घेतात.

‘अपूर्णांकाचे घातांक’ म्हणजे नेमके काय? मुलगा एक सांगतो आणि पुस्तकात दुसरेच दिसते.

या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. (२/३)^४ मध्ये अपूर्णांक पायात आहे आणि घातांक साधी नैसर्गिक संख्या आहे. येथे एका अपूर्णांकाला त्याच अपूर्णांकाने पुन्हा पुन्हा गुणायचे असते. ८^(१/३) मध्ये पाया साधा आहे आणि अपूर्णांक घातांकात आहे. येथे प्रश्न घनमुळाचा आहे. राज्य मंडळाच्या सातवीच्या पुस्तकातील घातांकाच्या प्रकरणात पहिला प्रकार भेटतो, आणि आठवीच्या ‘घातांक व घनमूळ’ या प्रकरणात दुसरा. सराव करून घेणाऱ्याने हे दोन प्रकार एकाच दिवशी सुरू करू नयेत. पायातील अपूर्णांक पक्का झाल्यावर ऋण घातांक, आणि त्यानंतरच घातांकातील अपूर्णांक, हा क्रम बहुतेक मुलांना झेपतो.

सुरुवात करण्यापूर्वी मुलांना काय येत असले पाहिजे?

अपूर्णांकांचा गुणाकार, अतिसंक्षिप्त रूप देणे, आणि एखाद्या अपूर्णांकाचा गुणाकार व्यस्त (अंश व छेद उलटवून मिळणारा अपूर्णांक) सांगणे, एवढे तर यायलाच हवे. त्याशिवाय वीसपर्यंतचे वर्ग, दहापर्यंतचे घन, २ चे दहाव्या घातापर्यंतचे (१०२४) आणि ३ चे सहाव्या घातापर्यंतचे (७२९) घात तोंडी असावेत. पाठांतराचा आग्रह अलीकडे जुनाट समजला जातो, पण ज्या मुलाला ८१ पाहताच ३ चा चौथा घात आठवत नाही त्याला पुढे (१६/८१)^(३/४) हे उदाहरण भिंतीसारखे वाटते, आणि तेव्हा दोष घातांकाच्या नियमांवर ढकलला जातो.

मुलगी (२/३)^३ चे उत्तर ६/९ लिहिते. किती वेळा सांगितले तरी तीच चूक पुन्हा होते. काय करावे?

तिने अंशाला ३ ने गुणले आणि छेदालाही ३ ने गुणले. म्हणजे घातांक म्हणजे ‘तितक्या वेळा गुणा’ एवढेच तिच्या लक्षात राहिले आणि ‘कशाने गुणा’ हे निसटले. अशा वेळी नियम पुन्हा सांगण्याने फारसे साधत नाही. त्याऐवजी तिलाच ६/९ ला अतिसंक्षिप्त रूप द्यायला सांगावे. उत्तर २/३ येते, म्हणजे जेथून निघालो तेथेच परत आलो. दोन तृतीयांशला दोन तृतीयांशने गुणले, पुन्हा एकदा गुणले, आणि तरीही संख्या तसूभर हलली नाही, हे कसे शक्य आहे, असा प्रश्न तिच्यापुढे ठेवून थोडा वेळ गप्प राहावे. ही विसंगती स्वतःच्या वहीत दिसलेली मूल सहसा विसरत नाही.

त्यानंतर काही दिवस प्रत्येक उदाहरणात विस्तारित रूप लिहायला लावावे: २/३ × २/३ × २/३, मग वर २ × २ × २ आणि खाली ३ × ३ × ३, मग ८/२७. हे लांबलचक वाटते आणि हुशार मुले कुरकुर करतात, तरीही ही ओळ लवकर सोडू देऊ नये. अंशाचा घात वेगळा आणि छेदाचा घात वेगळा घ्यायचा, हा नियम त्या ओळीतून मुलांना आपोआप दिसतो. तो फळ्यावर आधी लिहून दिला की दिसण्याची संधीच जाते. आम्हाला या सगळ्या विषयात एकच आग्रह धरावासा वाटतो, तो म्हणजे नियम विस्तारित रूपातून मुलाने काढावा, आणि प्रत्येक उदाहरणाच्या आरंभी ‘हा घातांक कोणाचा आहे’ हे बोट ठेवून दाखवावे.

कंसाला एवढे महत्त्व का दिले जाते?

घातांक फक्त आपल्या लगतच्या पायाचा असतो. २^३/३ मध्ये तो एकट्या २ चा आहे, म्हणून उत्तर ८/३. (२/३)^३ मध्ये तो संपूर्ण अपूर्णांकाचा आहे, म्हणून उत्तर ८/२७. पहिले उत्तर अडीचपेक्षा मोठे आणि दुसरे एक तृतीयांशपेक्षाही लहान आहे, एवढा फरक दोन कंसचिन्हांनी पडतो. हाताने लिहिताना मुले अपूर्णांकाची आडवी रेघ काढतात आणि घातांक अंशाच्या खांद्यावर टेकवून मोकळी होतात. कंस नसलेले उदाहरण उतरवून घेतले असेल तर ते चूकच मानावे, उत्तर योगायोगाने बरोबर आले तरीही.

घात केल्यावर संख्या मोठी व्हायला हवी ना? (१/२)^४ लहान का होते?

ही शंका अगदी रास्त आहे, कारण सहावीपर्यंत मुलांनी २, ३, १० असेच पाये पाहिलेले असतात. १ पेक्षा लहान धन संख्येने गुणले की धन संख्या घटते. म्हणून छेदाधिक अपूर्णांकाचा प्रत्येक पुढचा घात आधीच्यापेक्षा लहान असतो, आणि ३/२ सारख्या अंशाधिक अपूर्णांकाचा प्रत्येक पुढचा घात मोठा असतो. उत्तर तपासण्याची ही सर्वांत स्वस्त कसोटी आहे, आणि ती आकडेमोडीआधीच लावता येते.

हे हाताने दाखवायचे असेल तर झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा ए-फोर कागद फार उपयोगी पडतो. या मालिकेतील ए-झिरो नावाच्या सर्वांत मोठ्या कागदाचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर ठरवलेले आहे, आणि तो मधोमध कापला की ए-वन, तो कापला की ए-टू, असे चार वेळा केल्यावर ए-फोर मिळतो. म्हणजे ए-फोरचे क्षेत्रफळ (१/२)^४, म्हणजेच १/१६ चौरस मीटर असायला हवे. १ चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटर; त्याचा सोळावा भाग ६२५. आता मुलाच्या हातात पट्टी द्यावी. कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब भरतो, आणि गुणाकार येतो ६२३.७. बाजू मिलिमीटरपर्यंत पूर्ण केलेल्या असल्यामुळे तेवढा किंचित फरक राहतो. जमिनीवर सोळा कागद चार ओळींत मांडून जवळजवळ एक चौरस मीटरचा आयत तयार झालेला मुलांनी एकदा पाहावाच. मात्र त्या वेळी पंखा बंद ठेवावा लागतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात ही अट मान्य करणे सोपे नाही, म्हणून हा प्रयोग सकाळी लवकर उरकावा.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचा वर्ग करताना मुले पूर्णांकाचा वर्ग वेगळा आणि अपूर्णांकाचा वेगळा करतात. हे कसे सोडवावे?

येथे मराठीतील दीड, अडीच, साडेतीन हे शब्द मदतीला घ्यावेत. दीडचा वर्ग विचारला की चुकीच्या पद्धतीने १ चा वर्ग १ आणि १/२ चा वर्ग १/४, मिळून सव्वा असे उत्तर येते. दीड मीटर बाजूचा चौरस वहीत काढून त्यात एका मीटरच्या खुणांवरून उभी आणि आडवी रेघ मारावी. चार तुकडे दिसतात: एक पूर्ण चौरस, अर्ध्या-अर्ध्या चौरस मीटरचे दोन आयत आणि पाव चौरस मीटरचा एक छोटा चौरस. बेरीज सव्वादोन. चुकीच्या उत्तरात मधले दोन आयतच हरवले होते, हे मुलाला डोळ्यांनी दिसते. वहीत सोडवताना मात्र आधी ३/२ असे अंशाधिक रूप करावे आणि मग ९/४ लिहावे.

अडीचचा वर्ग सव्वासहा, साडेतीनचा सव्वाबारा, साडेचारचा सव्वावीस. यातील आकृतिबंध मुलांना शोधू द्यावा: पूर्णांकाला त्याच्या पुढच्या संख्येने गुणायचे आणि वर पाव ठेवायचा. पावकी, निमकी, दिडकी यांचे पाढे म्हणणाऱ्या पिढीतील आजोबा घरात असतील तर त्यांना या खेळात जरूर बसवावे. प्रश्नही काही नवा नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’मध्ये अपूर्णांकांचे वर्ग आणि घन शिकवताना उदाहरण म्हणून साडेतीनच घेतले आहे, आणि अंश व छेद दोहोंचा वर्ग, घन किंवा मूळ घ्यावे असा नियमही तेथे दिला आहे. साडेतीन म्हणजे ७/२, त्याचा वर्ग ४९/४ आणि घन ३४३/८.

ऋण चिन्ह असले की गोंधळ होतो. काही सोपी खूण आहे का?

घातांक सम असेल तर ऋण पायाचे उत्तर धन येते आणि विषम असेल तर ऋण, हे मुले लवकर शिकतात: (−२/३)^४ = १६/८१ आणि (−२/३)^३ = −८/२७. अडचण −(२/३)^४ येथे येते, कारण येथे ऋण चिन्ह कंसाबाहेर आहे आणि घातांक त्याचा नाही, उत्तर −१६/८१. पुन्हा तोच प्रश्न, घातांक कोणाचा आहे. ही तीन उदाहरणे एकाखाली एक लिहून दिल्याशिवाय फरक लक्षात येत नाही.

ऋण घातांकाचे उत्तर ऋण का येत नाही? आणि शून्य घातांकाचे १ कसे?

दोन्ही प्रश्नांना एकच उतरंड पुरते. (२/३)^३ = ८/२७, (२/३)^२ = ४/९, (२/३)^१ = २/३ असे ओळीने खाली लिहावे आणि प्रत्येक पायरीला काय होते ते विचारावे. घातांक एकाने कमी झाला की संख्येला २/३ ने भागले जाते, म्हणजे ३/२ ने गुणले जाते. हीच चाल पुढे चालू ठेवली तर २/३ भागिले २/३ म्हणजे १, आणि तोच (२/३)^०. आणखी एक पायरी खाली उतरले की (२/३)^(−१) = ३/२, त्याखाली (२/३)^(−२) = ९/४. या उतरंडीत ऋण संख्या कोठेच येत नाही, कारण आपण कोणत्याही पायरीला ऋण संख्येने भागलेले नाही. पायात शून्य असेल तर मात्र ही उतरंड मोडते, कारण शून्याने भागता येत नाही. म्हणून नियमासोबत ‘पाया शून्य नाही’ हे शब्द लिहायची सवय लावावी.

येथे होणारी ठरावीक चूक अशी की मूल अपूर्णांक उलटा करते आणि घातांकाचे ऋण चिन्हही तसेच ठेवते, म्हणजे (२/३)^(−२) चे (३/२)^(−२) लिहिते. उलटवणे आणि चिन्ह बदलणे ही एकच क्रिया आहे, दोन नव्हेत, हे सांगून भागत नाही. दोन्ही राशींची किंमत काढायला लावून ९/४ आणि ४/९ समोरासमोर ठेवावे लागते.

घातांकांचे नियम पाठ करून घ्यावेत की नाहीत?

घ्यावेत, पण नियम उदाहरणांतून निघाल्यानंतर. (२/५)^३ × (२/५)^२ याचे विस्तारित रूप लिहिले की पाच वेळा २/५ दिसतात आणि घातांकांची बेरीज का करायची ते वेगळे सांगावे लागत नाही. पाठ केलेला नियम जेथे लागू नाही तेथे तो लावण्याची चूक अधिक त्रासदायक असते. (१/२)^२ + (१/२)^३ हे उदाहरण दिले की बरीच मुले (१/२)^५ लिहितात. खरे उत्तर १/४ + १/८, म्हणजे ३/८ आहे, आणि त्यांचे उत्तर १/३२ हे मिळवलेल्या दोन्ही संख्यांपेक्षा लहान आहे. दोन धन संख्या मिळवून त्यांच्यापेक्षा लहान संख्या कशी येईल, हे मुलालाच विचारावे.

पाया वेगळा दिसत असला तरी खरे तर एकच आहे, असे ओळखण्याची उदाहरणे सरावात मुद्दाम घालावीत. (४/९)^३ × (२/३)^२ मध्ये ४/९ म्हणजे (२/३)^२ हे दिसले की सगळे (२/३)^८ मध्ये आटोपते, आणि ते न दिसणारे मूल मोठमोठे गुणाकार करत बसते. (२/३)^५ × (३/२)^३ मध्ये दुसरा पाया पहिल्याचा व्यस्त आहे, म्हणून उत्तर (२/३)^२, म्हणजे ४/९. (२/३)^३ × (३/४)^३ मध्ये पाये वेगळे आहेत पण घातांक एक आहे, म्हणून आधी कंसांतल्या संख्यांचा गुणाकार करून १/२ मिळवावा आणि मग घन करावा: १/८. आमच्या मते आठवीच्या विद्यार्थ्याची या विषयातील समज मोजायची असेल तर अशी तीन उदाहरणे पन्नास सरळ उदाहरणांपेक्षा अधिक सांगून जातात.

८^(१/३) म्हणजे २ हे मुलाला कसे पटवावे? तो ८/३ लिहितो.

‘८ ला एक तृतीयांश वेळा स्वतःशी गुणा’ या वाक्याला काहीच अर्थ लागत नाही, म्हणून मूल जवळ दिसणारा भागाकार करून मोकळे होते. येथे जुनी व्याख्या ताणून उपयोग नाही. जुना नियम चालू ठेवायचा आहे. घाताचा घात घेताना घातांकांचा गुणाकार होतो, हे मुलाला आधीच माहीत आहे. मग ८^(१/३) ही जी कोणती संख्या असेल तिचा घन केला तर घातांक १/३ × ३, म्हणजे १ होईल आणि उत्तर ८ येईल. ज्या संख्येचा घन ८ आहे अशी संख्या कोणती, एवढाच प्रश्न उरतो. त्याच रीतीने ९^(१/२) म्हणजे ९ चे वर्गमूळ, आणि (८/२७)^(१/३) म्हणजे अंशाचे व छेदाचे वेगवेगळे घनमूळ, २/३. मुलाचे ८/३ हे उत्तर पडताळायला सोपे आहे: त्याचा घन ५१२/२७ येतो, ८ येत नाही.

२७^(२/३) मध्ये आधी मूळ काढावे की आधी वर्ग करावा?

पाया धन असेल तर दोन्ही वाटांनी तेच उत्तर येते, पण आधी मूळ काढणे जवळजवळ नेहमीच सोयीचे असते. २७ चे घनमूळ ३, त्याचा वर्ग ९. उलट वाटेने २७ चा वर्ग ७२९ आणि मग ७२९ चे घनमूळ शोधत बसावे लागते. घातांकातील छेद मूळ कितवे ते सांगतो आणि अंश घात कितवा ते. ऋण चिन्हही असेल तर पहिल्यांदा अपूर्णांक उलटवून ते चिन्ह घालवावे: (१६/८१)^(−३/४) = (८१/१६)^(३/४) = (३/२)^३ = २७/८. तीन पायऱ्या तीन ओळींत लिहाव्यात. एका ओळीत उरकण्याची घाई परीक्षेतही परवडत नाही.

पाया ऋण आणि घातांक अपूर्णांक असेल तर?

−८ चे घनमूळ −२ आहे आणि ते आठवीच्या मुलांनी काढायला हरकत नाही. −४ चे वर्गमूळ वास्तव संख्यांत मिळत नाही, एवढे सांगून तेथे थांबावे. शिक्षकांनी मात्र हे ध्यानात ठेवावे की १/३ आणि २/६ हे एकच अपूर्णांक असूनही ऋण पायाच्या बाबतीत नियम आंधळेपणाने लावले तर एका वाटेने −२ आणि दुसऱ्या वाटेने ६४ चे सहावे मूळ, म्हणजे +२ येते. अपूर्णांक घातांकाचे नियम पाया धन धरूनच सांगितले जातात त्याचे कारण हेच आहे.

४^(१/२) चे उत्तर २ आणि −२ अशी दोन्ही लिहावीत का?

नाही, फक्त २. कोणत्या संख्येचा वर्ग ४ आहे असे विचारले तर दोन उत्तरे आहेत, परंतु ४^(१/२) ही खूण धन वर्गमुळासाठीच वापरली जाते.

आम्ही मराठी माध्यमात शिकलो आणि मुले सेमी-इंग्रजीत आहेत. शब्द जुळत नाहीत, तर मदत कशी करावी?

पाया म्हणजे त्यांचा बेस, घातांक म्हणजे एक्स्पोनंट किंवा वर्गात सर्रास म्हणतात तसा पॉवर, अंश म्हणजे न्यूमरेटर, छेद म्हणजे डिनॉमिनेटर आणि गुणाकार व्यस्त म्हणजे रेसिप्रोकल. एवढे पाच शब्द वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही भाषांत लिहून ठेवले की काम भागते. उदाहरण समजावताना आपण आपल्या भाषेत बोलावे आणि मुलाने उत्तर त्याच्या भाषेत लिहावे. आकडे दोन्हीकडे सारखेच असतात.

कॅल्क्युलेटर वापरू द्यावा का?

सोडवण्यासाठी नाही, पडताळण्यासाठी जरूर. बहुतेक फोनमध्ये कॅल्क्युलेटर आडवा धरला की घाताची कळ दिसते. तेथे मुलाला २ ÷ ३ ^ ३ असे कंसाशिवाय टाकायला लावावे. पडद्यावर सुमारे ०.०७४ येते, कारण यंत्र आधी ३ चा घन करते आणि २ ला २७ ने भागते. कंस घालून तेच टाकले की सुमारे ०.२९६ येते, आणि ते ८/२७ शी जुळते. कंसाबद्दल आपण दहा वेळा सांगितलेले यंत्र एकदाच सांगते. दशांश अपूर्णांकांतील चूकही अशीच पकडता येते: (०.२)^३ चे उत्तर मुले ०.८ किंवा ०.०८ लिहितात, खरे उत्तर ०.००८ आहे, आणि (१/५)^३ = १/१२५ असे लिहून ते पटवता येते.

रोज किती उदाहरणे द्यावीत आणि केव्हा?

सात-आठ पुरेत, पण ती एकाच साच्यातली नसावीत. त्यांतील एखादे विस्तारित रूपाने सोडवायचे असावे, एखादे मागच्या आठवड्यातल्या प्रकाराचे, आणि एक मुद्दाम चुकीचे सोडवून दिलेले असावे, ज्यातील चूक मुलाने शोधून कारणासह लिहायची. हा शेवटचा प्रकार मुलांना विशेष आवडतो. दुसऱ्याच्या चुकीवर लाल पेन चालवण्याची संधी त्यांना एरवी मिळत नाही. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मिळणाऱ्या सरावपुस्तिकांत शंभर-शंभर सरळ उदाहरणे एका पाठोपाठ छापलेली असतात. ती विकत घेतली तर ओळीने न सोडवता वेगवेगळ्या पानांवरून निवडून द्यावीत, कारण एकाच साच्याची वीस उदाहरणे सोडवणारे मूल तिसऱ्यानंतर उदाहरण वाचणेच थांबवते.

वेळेबद्दल सांगायचे तर विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि प्रथम सत्राची परीक्षा दिवाळीआधी येते. म्हणजे पहिले सत्र हातात कमी असते. जून महिन्यात सकाळचा अर्धा तास अपूर्णांकांच्या गुणाकाराच्या उजळणीला दिला तर घातांकाचे प्रकरण सुरू होईल तेव्हा पाया तयार असतो. पोळा आणि तान्हा पोळा या दिवशी मात्र वहीचे नाव काढू नये. लाकडी बैल सजवण्यात गुंतलेल्या मुलापुढे ठेवलेले उदाहरण कोणाच्याच उपयोगाचे नसते.

मुलगा सगळे पटापट सोडवतो. त्याला पुढे काय द्यावे?

मोठ्या आकड्यांची तीच उदाहरणे देऊ नयेत. ए-फोर कागदाची लांबी भागिले रुंदी काढायला सांगावी: २९.७ ÷ २१ म्हणजे सुमारे १.४१४, जे २^(१/२) आहे. मधोमध कापल्यावर कागदाचा आकार तोच राहावा एवढ्या एका अटीतून हे गुणोत्तर निघते, आणि ते का निघते हे आठवीतला चिकाटीचा मुलगा स्वतः शोधू शकतो. ए-थ्रीवरून ए-फोरवर झेरॉक्स काढताना यंत्रावर ७१ टक्के हा आकडा का दिसतो, हाही त्याच्याच पुढचा प्रश्न. क्षेत्रफळ निम्मे करायचे तर प्रत्येक बाजू (१/२)^(१/२) पट, म्हणजे सुमारे ०.७१ पट करावी लागते, पडताळ्यासाठी ०.७१ चा वर्ग करून पाहावा, तो ०.५ च्या अगदी जवळ येतो.

घरात हार्मोनियम असेल तर आणखी एक वाट आहे. एका सप्तकात बारा स्वर, आणि तार सप्तकातील सा ची कंपनसंख्या मध्य सप्तकातील सा च्या दुप्पट. बाराही अंतरे सारख्या गुणोत्तराची ठेवायची, अशा पद्धतीने पेटी लावलेली असेल तर लगतच्या दोन पट्ट्यांमधील गुणोत्तर २^(१/१२) येते. सा पासून प सातव्या पायरीवर आहे, म्हणून त्याचे गुणोत्तर २^(७/१२), सुमारे १.४९८, आणि गवयाच्या गळ्यातला शुद्ध पंचम ३/२, म्हणजे १.५ वर असतो. दोन्ही अपूर्णांकच, पण एक घातांकात बसलेला आणि एक पायात.

सराव पुरेसा झाला हे कसे ओळखावे?

एक उदाहरण द्यावे, उदाहरणार्थ (८/२७)^(−२/३), आणि सोडवण्यापूर्वी फक्त एवढेच विचारावे की उत्तर १ पेक्षा मोठे येईल की लहान, आणि धन येईल की ऋण. पाया १ पेक्षा लहान आहे आणि घातांक ऋण आहे, म्हणून उत्तर १ पेक्षा मोठे आणि धन, असे पेन न उचलता सांगून मग ९/४ पर्यंत पोहोचणाऱ्या विद्यार्थ्याला या प्रकारची आणखी उदाहरणे देण्याची गरज नाही. उत्तर बरोबर येते पण आधी अंदाज सांगता येत नाही, असे असेल तर (२/३)^३ पासूनची उतरंड पुन्हा एकदा लिहून घ्यावी, या वेळी ३/४ हा पाया घेऊन.